खानमचा मोहल्ला

खानम पहिल्यांदा हरवली तेव्हा मी तिच्याच स्वयंपाकघरात द्राक्षाची पानं निवडत बसले होते. बसऱ्याहून बरणीत खारवून येणारी ती पानं पाण्यात सोडवायची, आत तांदूळ, खिमा आणि सुका पुदिना घालून विडीसारखी घट्ट वळायची, हे तिनंच मला शिकवलं होतं. "लिंबू घेऊन येते," म्हणून ती उठली. लिंबं माझ्या पुढ्यातच टोपलीत होती. म्हातारं माणूस, दिसली नसतील, असं मला वाटलं. पण पातेल्यातलं पाणी उकळून आटत आलं तरी ती आली नाही. अंगणात जाऊन पाहिलं तर बाहेरचा मोठा दरवाजा सताड उघडा होता.

ही दुबईतली गोष्ट. साठचं दशक अर्धं सरलं होतं. आज ज्याला अमिरात म्हणतात तो देश तेव्हा झालेला नव्हता. दुबई म्हणजे खाडीच्या दोन काठांवर वसलेलं एक गाव होतं, आणि आमच्या दाभोळकडच्या माणसांना ते फार परकं वाटायचं नाही. खाडी, गलबतं, मासळीचा वास, पलीकडच्या काठाला जायला तर, म्हणजे होडी. फक्त झाड नव्हतं आणि प्यायचं पाणी गाढवावरून डब्यांत यायचं. माझा नवरा लाकडी गलबतं बांधायच्या कारखान्यात सुतार होता. बस्तकिया नावाच्या जुन्या मोहल्ल्यात एका कापड व्यापाऱ्याच्या घरामागची खोली आम्हाला मिळाली होती. त्या व्यापाऱ्याला सगळे अरबाब म्हणायचे, म्हणजे मालक. खानम ही त्याची सावत्र आई.

ती तुर्की होती. इस्तंबूल शहरात एयूप नावाचा जुना मोहल्ला आहे, तिथली. अरबाबचे वडील मोत्यांचे व्यापारी. पहिली बायको वारल्यावर कामानिमित्त ते इस्तंबूलला गेले आणि हिच्याशी लग्न करून आले. हिच्या वडिलांच्या ते मनात नव्हतं. ती गेली ती पुन्हा माहेरी गेली नाही. नवऱ्याबरोबर कितीतरी वर्षं मुंबईत राहिली, मोत्यांचा धंदा बुडाल्यावर दुबईला आली, आणि नवरा गेल्यावर इथेच उरली. मुंबईमुळे तिला हिंदी यायचं, मोडकंतोडकं पण गोड. त्या घरात माझ्याशी बोलू शकेल अशी ती एकटीच बाई होती.

दुबईतल्या माझ्या पहिल्याच वर्षी माझं मूल पोटातच गेलं. मी एकोणीस वर्षांची होते. नवरा कामावर जायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. पोवळ्याच्या दगडाची ती भिंत, बारीक बारीक भोकांची, तिच्याकडे बघत दिवस जायचा. एक दिवस खानम न विचारता आत आली. हातात मसुरीच्या पातळ आमटीचा वाडगा, वर तुपात तळलेला पुदिना. तिनं मला उठवून बसवलं आणि म्हणाली, "बेटी, रोना है तो रोओ. मगर खाके रोओ." माझ्या आईनं पाठवल्यासारखी ती बाई मला त्या दिवशी वाटली. त्यानंतर मी रोज तिच्याकडे जायला लागले.

म्हणून ती हरवली तेव्हा मी अबाया कशीबशी अंगावर टाकून धावत सुटले. बस्तकियाच्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून गाढव आलं तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागायचं. वर चौकोनी मनोरे, चारी बाजूंनी उघडे, त्यांतून वारा खाली घरात उतरतो. खाली सगळ्या गल्ल्या सारख्या दिसतात. मी किल्ल्यापर्यंत गेले, जामा मशिदीच्या मागे पाहिलं, कापडबाजारातून फिरले. शेवटी ती सापडली खाडीच्या धक्क्यावर. एका होडीवाल्याशी तिचं भांडण चाललं होतं.

"हा मला एयूपला नेत नाही," ती मला बघून म्हणाली. "पैसे देते म्हटलं तरी नाही म्हणतो."

होडीवाला हवालदिल झाला होता. "बाई, मी देऱ्याला जातो. पलीकडे देरा आहे. दुसरं काही नाही."

"देरा कुठला? पलीकडे एयूप आहे. मनोरे दिसत नाहीत तुला?"

पलीकडच्या काठावर खरोखरच मनोरे दिसत होते, देऱ्यातल्या घरांचे. मी तिचा हात धरला. "खानम, चला घरी. पानं करपतील," मी म्हटलं. पानांचं नाव काढल्यावर ती मुकाट्यानं आली.

घरी अरबाबची बायको दारातच उभी होती. घर तीच चालवायची. वाईट बाई नव्हती, पण चेहऱ्यावरून कधी काही कळू द्यायची नाही. ती माझ्याशी अरबीत बोलायची आणि मला निम्मंच समजायचं, पण तेव्हाचं सगळं समजलं. मोहल्ल्यात बभ्रा झाला होता. आपल्या घरातली म्हातारी धक्क्यावर खलाशांशी वाद घालते, ही लाज तिला सोसवत नव्हती. "खलास," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून खानमच्या खोलीला बाहेरून कडी लागली.

त्या दिवसांची आठवण आजही नको वाटते. खानम आधी दार वाजवायची, मग तळहातानं बडवायची, मग तिचा आवाज बसायचा. तुर्कीत कुणाला तरी हाका मारायची. मी माझ्या खोलीत भाकरी थापत असायची आणि तिच्या दाराच्या आवाजाबरोबर माझाही हात थांबायचा. नवरा संध्याकाळी आला की मी रडायची. तो म्हणायचा, "अगो, त्यांच्या घरातली गोष्ट. आपण भाड्याचे." पण एका शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आटपून आल्यावर, तो स्वतःच अरबाबकडे गेला. मला न सांगता.

परत आला आणि म्हणाला, "मी त्यांना म्हटलं, माझी बायको तिला रोज सकाळी फिरवून आणेल. दार उघडं ठेवा. हात धरून नेईल, हात धरून आणेल. अरबाब म्हणाले, इन्शाल्ला बघू."

"आणि ती बाई?"

"ती काही बोलली नाही. पण कडी काढली."

अशा रीतीनं आमचं फिरणं सुरू झालं. सकाळी ऊन तापायच्या आत निघायचं. खानमच्या पायांत जोर होता. डोक्यातल्या वाटा मात्र बदलल्या होत्या. ती दुबईत चालायची आणि मला एयूप दाखवायची. किल्ल्याच्या जाड भिंतीपाशी आलो की म्हणायची, इथून वळलं की मशिदीचं अंगण, अंगणात एवढं मोठं झाड की पाच बायकांनी हात धरले तरी कवेत येणार नाही. तिथे पैगंबरांच्या एका साथीदाराची मजार आहे. त्या साथीदाराची गोष्ट मी लहानपणी गावच्या मदरशात ऐकलेली. हिजरतीनंतर, म्हणजे मक्का सोडून मदिनेला आल्यावर, पैगंबर ज्यांच्या घरी उतरले, ते. आमच्या गावी ज्यांचं नाव घ्यायचे ते खानमच्या घराशेजारी निजले आहेत, याचं मला फार नवल वाटायचं.

कापडबाजारात सिंधी आणि कच्छी व्यापाऱ्यांची दुकानं, लाकडी छपराखाली ताग्यांवर तागे. खानम तिथे थांबायची आणि म्हणायची, ही खेळण्यांची गल्ली. तिच्या मोहल्ल्यात म्हणे एक अख्खी गल्ली खेळणी करणाऱ्यांची होती. लाल-पिवळे रंगवलेले ढोल, छोट्या डफल्या, पाणी भरून फुंकलं की पाखरासारखी वाजणारी मातीची शिट्टी. सुंता व्हायच्या मुलांना नवे पांढरे कपडे घालून मजारीवर आणायचे आणि जाताना खेळणं घेऊन द्यायचे. मसाल्याच्या गल्लीत तिला दुधाचा वास यायचा. म्हशीच्या दुधाची जाड साय गुंडाळून ठेवणारी दुकानं, त्या सायीवर मध, बरोबर गरम पाव. "चल, खाऊया," म्हणून ती मला ओढायची, आणि समोर नुसतीच वेलची-सुंठेची पोती असायची. मग ती गप्प व्हायची. ते गप्प होणं मला बघवायचं नाही.

मी तिला नाही म्हणत नसे, हो पण म्हणत नसे. म्हणायची, "मग पुढे काय होतं?" ती सांगायची. डोंगरउतारावर कबरस्तान, पायऱ्या पायऱ्यांचं, सरूच्या झाडांतून वर जाणारं. वर गेलं की खाली खाडी दिसते. तीही खाडीच, तुझ्या गावासारखी, ती म्हणायची. आणि मोठी बहीण. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी मोठी बहीण यायची. बहिणीनं म्हणे निघताना तोंड फिरवून घेतलं होतं.

काही दिवस बरे गेले. नंतर तिला माणसं ओळखू येईनाशी झाली. एकदा ती उघड्या दारातून कुणाच्या तरी अंगणात शिरली आणि तिथल्या बायकांना माझ्या घरातून निघा म्हणाली. त्या बायकांनी आम्हाला चहा पाजला आणि आम्ही गेल्यावर मोहल्लाभर सांगितलं. पोरं मागून टाळ्या वाजवायला लागली. मग एके सकाळी भर बाजारात मी तिला ऊन लागू नये म्हणून सावलीत ओढलं, तर तिनं माझ्याकडे अनोळखी नजरेनं पाहिलं आणि फाडकन माझ्या तोंडात मारली.

"कोण तू? माझा हात सोड!"

दुकानदार गाद्यांवरून उठून उभे राहिले. गाल चुरचुरत होता, पण मी हात सोडला नाही. सोडला असता तर ती गर्दीत गेली असती. तसंच तिला घरी आणलं. संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली, माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "किसने मारा?" मी काय सांगणार? म्हटलं, "पडले."

ही गोष्ट अरबाबच्या कानावर गेली. त्यांनी तिला डॉक्टरकडे नेलं. हिंदी कळणारा डॉक्टर होता, म्हणून मीही बरोबर गेले. डॉक्टरांनी तिला बरंच काही विचारलं. मग अरबाबला म्हणाले, "याला औषध नाही. हे वाढत जाणार. सध्या ती काय मागते?"

"एयूपला ने म्हणते."

"मग नेता येत असेल तर आताच न्या. पुढच्या वर्षी ती हे मागणारही नाही."

अरबाब शांत माणूस होते, पन्नाशीचे, दाढीत पांढरं आलेलं. त्यांची सख्खी आई त्यांना आठवतही नव्हती. त्यांना वाढवलं ते या बाईनं, मुंबईतल्या भाड्याच्या घरात. परतताना खाडीच्या काठाकाठानं आम्ही चालत होतो तेव्हा ते अचानक मला म्हणाले, "बहन, तू चलेगी? मी पुरुष माणूस. तिला न्हाऊ-माखू घालणं, कपडे घालणं मला नाही जमणार. घरातून बायको येत नाही म्हणते. आठ-दहा दिवसांचं काम."

मी म्हटलं, "यांना विचारते."

नवऱ्यानं ऐकून घेतलं आणि बराच वेळ रंधा पुसत बसला. "विमानानं जायचं. परका मुलूख. तुझी तब्येत अजून सावरलेली नाही."

"तिनं मला उठवलं नसतं तर मी तेव्हाच गेले असते," मी म्हटलं.

"ते माहीत आहे मला. म्हणूनच नको म्हणता येत नाही." मग म्हणाला, "जा. पण काही झालं तर अरबाबला सांगून लगेच परत ये. लाजू नकोस."

बैरूतला विमान बदलून आम्ही इस्तंबूलला पोचलो. वाटेत खानम माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. मला मात्र सगळा वेळ मळमळत होतं, वाटलं, विमानामुळे. खाली उतरल्यावर चारी बाजूंनी तुर्की बोलणं कानावर पडलं आणि माझ्या डोळ्यांदेखत ती ताठ झाली. टॅक्सीवाल्याशी ती बोलायला लागली. आवाज वेगळाच होता, तरण्या बाईचा. टॅक्सीवाला हसत होता, ती हसत होती. अरबाबनी विचारलं, "काय म्हणते?" कारण त्यांनाही तुर्की थोडकंच यायचं. मी म्हटलं, "मला काय ठाऊक?" ती माझ्याशी हिंदी बोलेनाशी झाली होती. मी हिंदीत विचारलं की ती माझ्याकडे बघायची, जशी आपण परक्या मुलखातल्या माणसाकडे बघतो.

दुसऱ्या दिवशी पुलाजवळून बोट धरून खाडीनं एयूपला गेलो. थंडी पडायला लागली होती. मी जन्मात पहिल्यांदाच लोकरीचा कोट घातला होता, अरबाबनी आदल्या दिवशी घेऊन दिलेला. खानमनं सांगितलेली खाडी माझ्या मनात निळी होती. ही काळपट होती. काठावर कारखान्यांची धुराडी, पाण्यावर तेलाचे तवंग, आणि असा वास की मी पदर नाकाला लावला. खानमनंही तो वास घेतला असणार. ती कठड्याला धरून उभी होती, काही बोलली नाही. दुबईत मला मोहल्ला दाखवताना जशी मध्येच गप्प व्हायची तशी.

पण धक्क्यावर उतरलो आणि तिच्या पायांनी वाट पकडली. आम्ही तिच्या मागे. तिनं एकदाही कुणाला विचारलं नाही. गल्ली, वळण, पुन्हा गल्ली, आणि समोर मशीद. अंगणात ते झाड होतं. मी त्याच्याकडे पाहतच राहिले. पाच बायकांचं माहीत नाही, पण आमच्या तिघांच्या कवेत ते येणार नव्हतं हे नक्की. कबुतरं पायांत येत होती. निळ्या-हिरव्या फरशांची भिंत, तिच्यासमोर बायका हात पसरून दुवा मागत होत्या. पांढऱ्या कपड्यांतला एक लहान मुलगा, डोक्यावर चमकीची टोपी, छातीवर आडवा पट्टा, बापाच्या हाताला धरून भेदरलेला उभा होता. सगळं खरं होतं. ती वर्षभर बडबडत होती म्हणून दुबईतला मोहल्ला हसला, आणि तिचा शब्द न् शब्द खरा निघाला.

मजारीच्या जाळीपुढे मी फातिहा वाचला. काय मागायचं ते सुचेना. खानमसाठी मागावं तर काय मागावं? बरी हो म्हणावं तर डॉक्टरांनी सांगितलेलं आठवायचं.

मग ती खेळण्यांच्या गल्लीत गेली. तिथे खेळणी नव्हती. त्यांचं एकही दुकान नव्हतं. पत्र्याच्या सामानाचं एक, चपलांचं एक, बाकी बंद दारं. ती एका दारापुढे उभी राहिली, मग दुसऱ्या. एका दुकानदारानं हात हलवून काहीतरी सांगितलं. अरबाबनी कसंबसं समजून घेतलं आणि मला म्हणाले, "म्हणतो, कारागीर मेले, पोरांनी धंदा सोडला. आता खेळणी कारखान्यात होतात." खानमनं ते ऐकलं की नाही कळलं नाही. तिनं चपलेच्या दुकानातून एक लहान जोड उचलला, पाहिला, आणि परत ठेवला.

साय विकणारं दुकान मात्र होतं. संगमरवरी टेबल, त्यावर बशीत गुंडाळलेली साय, मधात बुडलेली, शेजारी ऊन ऊन पाव आणि लहान पेल्यात काळा चहा. खानम लहान मुलीसारखी खात होती, बोटं चाटत. मी एक घास घेतला आणि उठून बाहेर पळाले. भिंतीला धरून ओकले. तोंड धुताना मला कळलं की हे विमानाचं नव्हतं. आदल्या वेळीही असंच झालं होतं, दुधाच्या वासानं. आनंद वगैरे काही झाला नाही. एकच वाटलं: पहिलं घरात बसून गेलं, हे तर बोटीत, विमानात, थंडीत. मी कुणाला काही बोलले नाही.

घर चढावर होतं, लाकडी, काळं पडलेलं, एका बाजूला कललेलं. खानमनं दार वाजवलं नाही, बहिणीच्या नावानं हाक मारली. दार एका चाळिशीच्या बाईनं उघडलं. आधी तिला काही समजलं नाही. मग खानमनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि ती बाई एकदम ओरडून तिच्या गळ्यात पडली. ती बहिणीची मुलगी होती. बहीण काही हिवाळ्यांपूर्वीच वारली होती. भाचीनं ते अरबाबला खुणेनं सांगितलं, वर कबरस्तानाकडे बोट करून. खानमला सांगायची कुणाचीच छाती झाली नाही. गरजही पडली नाही. तिनं भाचीलाच बहीण मानलं. तिच्या हनुवटीला हात लावून ती काही विचारत राहिली, पुन्हा पुन्हा तेच. भाची रडत रडत मान हलवत होती. मी अरबाबकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "विचारते, अजून रागावली आहेस का."

दिवस कलला. अरबाब उठले, आईला म्हणाले, "यल्ला, उम्मी, चलो. उद्या पुन्हा येऊ." मी तिचा कोट घेऊन पुढे झाले. तिनं कोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि भिंतीला जडवलेल्या बाकाची कड दोन्ही हातांनी पकडली. अरबाबनी तिला उठवायचा प्रयत्न केला तर तिनं किंकाळी फोडली, दुबईत कडी लागल्यावर फोडायची तशी. भाची मध्ये पडली. तिनं हातानं सांगितलं: राहू दे.

पुढचे तीन-चार दिवस आम्ही रोज जायचो आणि रोज हेच व्हायचं. भाचीचा नवरा कारखान्यात होता, मुलं नव्हती. भाची म्हणाली, माझ्या आईची बहीण आहे, मी बघेन. हे समजायला मोहल्ल्यातल्या एका मौलवींना मध्ये घ्यावं लागलं, त्यांना अरबी यायचं. अरबाब हॉटेलवर येऊन डोकं धरून बसायचे. "लोक म्हणतील, म्हातारीला परदेशात टाकून आला. बाप वर काय म्हणेल?" मग मला म्हणाले, "बहन, तू थोडे दिवस थांबशील? दोन महिने. मी परत येतो. तुझ्या माणसाला मी सांगतो."

मी पलंगाच्या कडेवर बसले होते. "नाही थांबता येणार," मी म्हटलं. आणि मग सांगितलं. परक्या पुरुषाला असं सांगायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मान वर न करता सांगितलं. ते लगेच उठले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. "अल्ला रहम करे. मग तू एक दिवसही इथे थांबायचं नाहीस," ते म्हणाले.

निघायच्या दिवशी मी निरोप घ्यायला गेले. खानम शेगडीशेजारी बसून द्राक्षाची पानं वळत होती. बोटं अगदी पूर्वीसारखी चालत होती. मी तिच्यापुढे बसले आणि हिंदीत म्हटलं, "खानम, मी चालले." ती ओळखीचं हसली नाही, पण तिनं रागानंही पाहिलं नाही. भाचीकडे वळून काहीतरी म्हणाली. त्यात मला एक शब्द कळला: मुसाफिर. भाचीनं लगबगीनं माझ्यापुढे बशी ठेवली. खानमनं स्वतःच्या हातानं तीन-चार पानं त्यात वाढली आणि खूण केली, खा.

वाटेत मी अरबाबना विचारलं, "मला प्रवासी का म्हणाली?"

ते म्हणाले, "त्यांच्या भाषेत मुसाफिर म्हणजे पाहुणा."

मी त्यांच्यामागून चालत राहिले. धक्क्यापर्यंत मला रडू आलं नाही. बोटीत बसल्यावर आलं.

दुबईला आल्यावर नवऱ्यानं मला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. पाणीसुद्धा तोच भरायचा. भीती मात्र जात नव्हती. प्रत्येक सकाळी उठून आधी मी पोटाला हात लावून बघायची. मोहल्ल्यातल्या बायका विचारायच्या, म्हातारीचं काय केलंत? काही सहानुभूतीनं, काही टोचून. मी म्हणायची, ती माहेरी आहे. पुढच्या उन्हाळ्यात मुलगी झाली, जिवंत, काळ्याभोर केसांची. तिचं रडणं ऐकून मी घाबरले, इतकी मला त्या आवाजाची सवय नव्हती.

पुढचा हिवाळा यायच्या आत अरबाब दोनदा जाऊन आले. पहिल्या वेळी खानमनं त्यांना ओळखलं, मुंबईतल्या लहानपणच्या नावानं हाक मारली. दुसऱ्या वेळी नाही. नंतर एका व्यापाऱ्याकडून निरोप आला की बर्फ पडत असताना ती गेली. उतारावरच्या कबरस्तानात पुरली, बहिणीच्या जवळ.

तो निरोप आल्यावर अरबाबची बायको माझ्या खोलीत आली. इतक्या वर्षांत ती कधी माझा उंबरा ओलांडून आत आली नव्हती. मी चटई अंथरली. ती बसली, पोरीला मांडीवर घेतलं, तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. मला वाटलं, काही बोलेल. कडीबद्दल बोलेल, किंवा लोकांबद्दल. मी चहा केला तो तसाच निवत राहिला. शेवटी तिनं साध्या अरबीत, मला कळावं म्हणून सावकाश शब्द उच्चारत, विचारलं, "तिथे थंडी फार असते का?"

मी म्हटलं, "मी गेले तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. पुढची मला माहीत नाही."

"तिला थंडी सोसायची नाही," ती म्हणाली. "इथेसुद्धा डिसेंबरात मी तिला दोन रजया द्यायची."

मग उठून ती आपल्या घरात गेली. त्यानंतर वर्षभरात नवऱ्याला अबुधाबीत काम मिळालं आणि आम्ही ती खोली सोडली. निघताना मी तिला भेटायला गेले तर ती स्वयंपाकघरात होती. तिनं मला थांबवलं नाही, बसही म्हटलं नाही. पोरीच्या गालाला हात लावला आणि दाराशी येऊन उभी राहिली, आम्ही गल्लीच्या वळणावर जाईपर्यंत.